आठवड्याला एक चिठ्ठी, एक पान: आर्ट जर्नल पहिल्यांदाच सुरू करणाऱ्यांसाठी

माझ्याकडे एक सुंदर वही आहे, कापडी बाइंडिंग, जाड पांढरेशुभ्र कागद, सहाशे रुपये मोजून घेतलेली. गेली कित्येक वर्षं ती कोरीच आहे. आणि दुसरी आहे ती विमा एजंटने दिवाळीत फुकट दिलेली डायरी, जी आता इतकी फुगलीये की कपाटात आडवी ठेवावी लागते. जर्नल कुठलं ते सांगायला नकोच.

तर हा लेख त्या दुसऱ्या वहीसारखं काहीतरी करायचंय त्यांच्यासाठी. चित्रकला येत नसेल तरी चालेल, मला अजूनही घोडा काढता येत नाही, काढला की कुत्रा होतो.

आधी हे नेमकं काय असतं ते सांगते. आर्ट जर्नल म्हणजे नुसत्या अक्षरांऐवजी चित्रं-कागद चिकटवून भरलेली डायरी, आणि ती आपण मिक्स्ड मीडियाने करणार, म्हणजे एकाच पानावर रंग, चिकटवलेला कागद, पेन, दोरा, कापडाचा तुकडा, असेल ते. आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही, गोधडी म्हणजे तरी दुसरं काय असतं, आईच्या लुगड्याचा तुकडा, बाबांच्या शर्टाची बाही, कुणाच्या तरी परकराचं अस्तर, आणि त्या सगळ्यावरून गेलेला एकच धावदोरा. जर्नल म्हणजे कागदाची गोधडी समजा. आणि तिकिटं-बिकिटं चिकटवणं हा पोरखेळ वाटत असेल तर जर्मनीत कुर्ट श्विटर्स नावाचा एक मोठा चित्रकार होऊन गेला, पहिल्या महायुद्धानंतर तो रस्त्यावरची ट्रामची तिकिटं, रॅपर, फाटके कागद उचलून आणायचा आणि त्याची चित्रं करायचा. ती आज म्युझियममध्ये आहेत. त्यामुळे घरात कुणी ‘हा काय कचरा जमवतेस’ म्हणालं तर हे नाव तोंडावर फेकायचं.

आता प्रॉम्प्ट. प्रॉम्प्ट म्हणजे दर आठवड्याला डब्यातून चिठ्ठी काढून मिळालेला एक शब्द किंवा एक ओळ, ‘पिवळा’, ‘खिशात सापडलेलं’ असं काहीतरी. बहुतेक जण इथेच चुकतात, मीही चुकले. रविवारी वही उघडायची, प्रॉम्प्ट वाचायचा आणि आता यावर चित्र काढा म्हणून पानाकडे बघत बसायचं, परीक्षेत प्रश्न आल्यासारखं. तसं करू नका. प्रॉम्प्ट पानासाठी नसतोच, तो आधीच्या सहा दिवसांसाठी असतो. सोमवारी शब्द मिळाला की तो डोक्यात ठेवून फिरायचं, आणि तो शब्द आपोआप तुमच्यासाठी वस्तू गोळा करायला लागतो. ‘पिवळा’ निघाला त्या आठवड्यात मला पहिल्यांदा दिसलं की आमच्या डोंबिवली स्टेशनच्या पाटीचा पिवळा आणि रिक्षाच्या टपाचा पिवळा वेगळा आहे. वीस वर्षं रोज बघतेय मी ते.

पायरी पहिली: वही

नवीन विकत घेऊ नका, निदान पहिली तरी. महाग वहीची भीती वाटते, पान खराब होईल म्हणून हात पुढे जात नाही. जुनी डायरी घ्या, पण शिवलेली, चिकटवलेली नको. मधोमध उघडून बघा, दोरा दिसला तर शिवलेली. चिकटवलेल्या बाइंडिंगची पानं ओल लागली की पत्त्यांसारखी सुटतात.

डायरीचा कागद पातळ असतो, साध्या झेरॉक्सच्या कागदाएवढा म्हणजे साधारण ७०-७५ जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) धरा, आणि वॉटरकलरचा चांगला कागद ३०० जीएसएमचा असतो. मग काय करायचं, तर दोन-तीन पानं एकमेकांना चिकटवून एक जाड पान करायचं. फेव्हिस्टिकने करा, फेव्हिकॉलने अख्खं पातळ पान ओलं होऊन सुरकुत्या पडतात. चिकटवलं की वर पोळपाट आणि त्यावर तांदळाचा डबा, रात्रभर.

दुसरं काम, आणि हे टाळू नका: मधली काही पानं कापून टाका. दर दोन जाड पानांनंतर एक-दोन पानं काढली तरच पुढे चिकटवलेल्या गोष्टींना जागा राहते, नाहीतर वही मगरीच्या जबड्यासारखी उघडी राहते आणि शेवटी पाठ फाटते. मात्र मुळापासून फाडायची नाहीत हं. शिलाईजवळ बोटभर पट्टी ठेवून कात्रीने कापायची, नाहीतर शिलाईच्या पलीकडचं जोडपान सुटून हातात येतं.

अगदीच नवीन कागद हवा असेल तर पुण्यात शिवाजीनगरला १९४० सालची हातकागद संस्था आहे, मुंबईकरांना क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रेहमान स्ट्रीट माहितीच असेल. हातकागद दिसतो मस्त पण काही हातकागद शाई पितात, अक्षर पसरतं, म्हणून आधी एकच शीट घेऊन घरी पेन चालवून बघा.

पायरी दुसरी: सामान

यादी मुद्दाम छोटी देतेय कारण या छंदात सामान घेणं हाच एक वेगळा छंद होऊन बसतो. फेव्हिकॉल, फेव्हिस्टिक, कात्री, पांढरं अ‍ॅक्रिलिक, अजून दोन अ‍ॅक्रिलिक रंग (माझे निळा आणि गेरूसारखा लाल), मुलांचे मेणखडू, एक काळं वॉटरप्रूफ पेन, रंगाचा एक रुंद ब्रश, आणि जुनं एटीएम कार्ड. कार्ड सगळ्यात जास्त वापरलं जातं, रंग पसरायला, चिकटवलेला कागद दाबायला, खरवडायला.

पोस्टर कलर घरात असतातच, पण एक लक्षात ठेवा, ते वाळले तरी पाणी लागलं की परत ओले होतात. वर दुसरा रंग दिला की खालचा त्यात मिसळून सगळं चिखलाच्या रंगाचं होतं. अ‍ॅक्रिलिक एकदा वाळलं की प्लास्टिकसारखं पक्कं, वर काहीही करा. थरावर थर करायचे म्हणून अ‍ॅक्रिलिक. कपड्यांवर रंगवायच्या त्या छोट्या बाटल्यांमधले रंग अ‍ॅक्रिलिकच असतात, चालतात.

जेसो नावाचा एक पांढरा अस्तराचा रंग असतो, त्याने कागद घट्ट होतो आणि रंग आत झिरपत नाही. घरी करायचा तर दोन चमचे पांढरं अ‍ॅक्रिलिक, एक चमचा फेव्हिकॉल, एक-दीड चमचा टाल्कम पावडर, आणि पाणी थेंब थेंब घालत इडलीच्या पिठाइतकं सैल. गुठळ्या मोडा. पानाला काही दिवस पावडरचा वास येतो, माझी मुलगी म्हणते तुझ्या वहीला आजीचा वास येतो.

पायरी तिसरी: चिठ्ठ्यांचा डबा

श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या आणि त्यात ५२ चिठ्ठ्या टाका. एकदम ५२ सुचत नाहीत, मलाही नाही सुचल्या, दहा-बारांनी सुरुवात करा आणि जसं सुचेल तसं टाकत जा. घरच्यांनाही टाकायला सांगा, कारण स्वतः लिहिलेली चिठ्ठी कुठली ते आठवतं आणि मग डबा हलवताना हात चोरटेपणा करतो. नवऱ्याने एकदा ‘जीएसटी’ लिहून टाकलं होतं. निघालं. त्या आठवड्यातली सगळी बिलं जमवून मी त्यांची मासोळी केली, खवले म्हणजे बिलांच्या तळाचे आकडे, आणि खरं सांगते ते माझं सगळ्यात आवडतं पान आहे.

चिठ्ठी चांगली कधी? हाताला लागेल अशी असेल तेव्हा. ‘आनंद’, ‘स्वातंत्र्य’, ‘माझा प्रवास’ असल्या चिठ्ठ्या टाकू नका, त्यातून सूर्योदय आणि उडणारे पक्षी सोडून काही निघत नाही. त्याऐवजी ‘डाग’ टाका. ‘कुलूप’. ‘आजीच्या तोंडचा एक शब्द’. ‘घर ते स्टेशन नकाशा’, पण अंतराने काढायचा नाही, वासाने काढायचा, कुठे वडे तळतात, कुठे नाला, कुठे फुलवाली बसते. ‘एकच वस्तू वीस वेळा’. ‘लोकलमध्ये कानावर पडलेलं वाक्य’. ‘फेकायला काढलेलं’. ‘पहिला पाऊस’ टाकत असाल तर डब्यात नको, बाजूला ठेवा आणि पडेल त्या आठवड्यात बाहेर काढा.

निघालेली चिठ्ठी बदलायची नाही एवढा एकच नियम मी पाळते. नावडती चिठ्ठी निघाली की दोन दिवस चिडचिड होते आणि तिसऱ्या दिवशी काहीतरी सापडतं.

पायरी चौथी: सोमवार ते शनिवार

पर्समध्ये एक पाकीट ठेवा, लग्नपत्रिकेचं असतं ना जाडसर, ते. सापडेल ते त्यात. चॉकलेटचा कागद, औषधाची रिकामी पट्टी, सुकलेलं पान, वाण्याने सामान बांधून दिलेला पेपरचा तुकडा. वस्तू उचलता येत नसेल तर पाकिटाच्या मागच्या बाजूला एक ओळ लिहा.

काही कागदांबद्दल सांगायलाच हवं. एसटीचं मशीनमधून निघणारं तिकीट, एटीएमची पावती, मॉलचं बिल हे सगळं थर्मल पेपर असतं, त्यात शाई नसतेच, उष्णतेने काळा होणारा लेप असतो. हे काही महिन्यांत पुसट होतं आणि हेअर ड्रायर मारला तर पूर्ण काळं. रत्नागिरीहून आलेलं एक तिकीट मी जीव लावून चिकटवलं होतं, आता तिथे एक पांढरी पट्टी आहे. तेव्हा तिकिटाची झेरॉक्स काढा आणि झेरॉक्स चिकटवा. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडणार हे नक्की, त्यात लाकडातलं लिग्निन असतं, पण मला तो पिवळेपणा आवडतो त्यामुळे मी त्याच्यासाठी काही करत नाही. कॅलेंडरची फाडलेली पानं मात्र सोनं आहे, कागद बरा, मोठे लाल-काळे आकडे, मागे पाककृती आणि भविष्य. दूधवाल्याचे खाडे मांडलेले असतील तर अजूनच छान.

लग्नपत्रिकांवरचा गणपती कापायला माझं मन होत नाही, तुमचंही होणार नाही बहुतेक. मी ती पट्टी अख्खी काढून वहीच्या पहिल्या पानावर लावते, तिथे आता अकरा गणपती झालेत.

पायरी पाचवी: रविवारचा तास

तासच. घड्याळ लावा. जास्त वेळ मिळाला की आपण पान सुधारायला जातो आणि बिघडवतो.

क्रम असा: अस्तर, मग कागद, मग रंग, मग खुणा, सगळ्यात शेवटी अक्षर. ‘पिवळा’ आठवड्यात मी काय केलं तेच सांगते म्हणजे कळेल.

शनिवारी रात्रीच पानाला जेसोचा हात मारून ठेवला होता. पाकिटात होतं ते म्हणजे पिवळ्या साडीच्या फॉलचा तुकडा, बिस्किटाच्या पुड्याचा कागद, बहाव्याच्या दोन सुकलेल्या पाकळ्या, आणि ‘हळद लागली’ असं छापलेली एका पत्रिकेची पट्टी. आधी हे सगळं पानावर नुसतं मांडून बघायचं, चिकटवायचं नाही, मोबाइलवर एक फोटो काढायचा, मग दुसऱ्या तऱ्हेने मांडायचं. ठरलं की कागदाला कडेपर्यंत गोंद, मधून बाहेर कार्डाने दाबत न्यायचं म्हणजे हवेचे फुगे निघतात. पातळ कागदाला फेव्हिकॉल थोडं पाणी घालून, कापडाला तसाच घट्ट. पाकळ्या आधी जाड पुस्तकात आठवडाभर दाबलेल्या हव्यात, ओल्या पाकळ्यांना बुरशी धरते.

मग रंग. चिकटवलेले तुकडे वेगवेगळे बेटासारखे दिसतात, त्यांना एकत्र आणायचं काम रंगाचं. पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचा कोरडा ब्रश तुकड्यांच्या कडांवरून अर्धवट फिरवला की ते पानात बुडतात. त्या दिवशी मी पिवळा रंग घेतलाच नाही, चिमूटभर हळद फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवून तीच लावली. आणि गंमत अशी की हळदीला साबणाचं पाणी लागलं की ती लाल होते, हळदीला चुना लावून कुंकू करायचे तीच गोष्ट. म्हणून पानावर साबणाच्या पाण्याचे थेंब सोडले, पिवळ्यात लालसर फुलं उमटली. हळदीचा रंग उजेडात उडतो, पण वही बंद असते त्यामुळे बराच टिकतो. तसंच निळ्या गोकर्णाच्या फुलांचं, फुलं गरम पाण्यात टाका, निळं पाणी, त्यात लिंबू पिळलं की जांभळं-गुलाबी, खायचा सोडा टाकला की हिरवट. ‘निळा’ चिठ्ठी निघाली की करून बघा, मुलं असतील तर तुम्हाला ब्रश मिळणार नाही.

खुणा म्हणजे ठसे, रेघा, ठिपके. भेंडीचं देठ कापून ठसा, बाटलीचं झाकण, बबल रॅप, कंगव्याने ओल्या रंगात ओढलेल्या रेघा. मेणखडूने आधी रेघा मारून वर पाणीदार रंग दिला की मेणावर रंग बसत नाही आणि रेघा उजळ राहतात, पण हे बाकीचे थर झाल्यावरच करा, कारण मेणावर अ‍ॅक्रिलिकही धड बसत नाही, नंतर सोलून निघतं. म्हणजे मेणखडू आणि ऑइल पेस्टल अगदी वरच्या थरातच.

शेवटी अक्षर. पेन वॉटरप्रूफ आहे का ते दुकानदाराला विचारू नका, घरी रेघ मारून पाच मिनिटांनी ओलं बोट फिरवा. आणि स्केचपेनने लिहिलेल्यावर पांढरा रंग देऊन ते झाकता येत नाही, गुलाबी आणि जांभळा तर हमखास वर झिरपून येतो, कितीही थर द्या. अक्षर चांगलं नसेल तर छापील शब्द कापून लावा, किंवा लिहा आणि वर अर्धा कागद चिकटवून टाका, खासगी असेल तर हेच बरं. माझ्या वहीत सासूबाईंबद्दलचं एक अख्खं पान बहाव्याच्या पाकळ्यांखाली आहे.

झेरॉक्स उतरवायची युक्ती

हे थोडं पुढचं आहे पण इतकं मजेशीर की राहवत नाही. जुन्या फोटोची झेरॉक्स काढा, दुकानातल्या मशीनवरच, घरच्या इंकजेट प्रिंटरची चालत नाही, कारण झेरॉक्सची काळी पूड प्लास्टिकसारखी असते, ती रंगाला चिकटते, शाई चिकटत नाही. पानावर अ‍ॅक्रिलिक मीडियमचा थर द्या (म्हणजे बिनरंगाचं अ‍ॅक्रिलिक, आर्टच्या दुकानात मिळतं, फेव्हिकॉलने पण होतं पण तो पाण्याने परत मऊ पडतो म्हणून जपून), त्यावर झेरॉक्स पालथी घालून दाबा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी मागून ओल्या बोटाने कागद चोळत चोळत काढायचा, शेवयांसारखा निघतो. चित्र पानावर राहतं, जरा विटलेलं, कुठे कुठे उडालेलं. चित्र उलटं उमटतं, तेव्हा अक्षरं असलेला कागद असेल तर दुकानातच मिरर करून मागा.

काय काय बिघडतं

पानं एकमेकांना चिकटणं. अ‍ॅक्रिलिक वरून वाळलेलं वाटलं तरी दमट हवेत आणि उष्णतेत जरा चिकट राहतं, आणि समोरासमोरची दोन रंगवलेली पानं दाबून ठेवली की संपलं. माझी पहिली वही जुलैत अशीच गेली, उघडायला गेले तर एका पानावरची बोट दुसऱ्या पानावर निघून आली. आता मध्ये बटर पेपर ठेवते, आणि पक्कं वाळलं की पानावर साधी पांढरी मेणबत्ती हलकेच घासून वर मऊ फडका फिरवते. एवढ्याने सुटतात.

पावसाळ्यात कोकण-मुंबईकडे बुरशी. वही प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका, आत घाम धरतो, कापडी पिशवीत ठेवा आणि बुटांच्या खोक्यातल्या त्या छोट्या पुड्या सोबत टाका. डाळ-तांदूळ गव्हाच्या खळीने चिकटवाल तर वाळवी-झुरळांना आमंत्रण, मी ‘अंगण’ आठवड्यात हे केलं होतं, पुढचं लिहीत नाही.

आठवडा बुडणं. बुडतो. गणपतीत बुडतो, मुलांच्या परीक्षेत बुडतो. बुडालेली चिठ्ठी भरून काढायला जाऊ नका, दोन आठवड्यांची पानं एका रविवारी करायला बसलं की तिसऱ्या आठवड्यात वही बंद पडते. ती चिठ्ठीच कोऱ्या पानावर चिकटवायची, तारीख टाकायची आणि पुढची काढायची. माझ्याकडे अशी नुसत्या चिठ्ठीची नऊ पानं आहेत, एकावर ‘दवाखाना’ असं आहे आणि त्या आठवड्यात आम्ही खरंच दवाखान्यात होतो, त्या पानावर आता काही करावंसं वाटत नाही.

आणि पान कुरूप होणं. होऊ द्या, फाडू नका. फारच डोळ्यात खुपत असेल तर त्यावर जेसो मारा आणि नवीन पानाचं अस्तर म्हणून वापरा, खालचं थोडं थोडं दिसत राहतं ते उलट छान वाटतं.

पहिल्या सहा आठवड्यांसाठी सुचत नसेल तर माझ्या डब्यातल्या घ्या: पिवळा, खिशात सापडलेलं, डाग, कानावर पडलेलं वाक्य, घर ते स्टेशन, फेकायला काढलेलं. पुढच्या स्वतःच्या टाका.

प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि चिठ्ठीचा शब्द लिहा, छोट्या अक्षरात, पण लिहाच. आणि सहा-आठ महिन्यांनी वही मिटेनाशी होईल, रबर बँड लावू नका, उन्हाळ्यात वितळून पानाला डाग पडतो. परकराची नाडी घ्या, दोन वेढे, वर साधी गाठ.